पोर्ट्रेटसाठी लेन्स कोणती घ्यावी? इंदुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या मुंजीपुरता कॅमेरा हातात घेणारे काका असोत की लग्नांची कामं नुकती घ्यायला लागलेली मुलं, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. खालची अंतरं आणि आकडे फुल फ्रेम कॅमेरा (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) उभा धरला आहे असं समजून दिले आहेत. क्रॉप सेन्सरचे, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचे, किंवा आडव्या फ्रेमचे आकडे असतील तिथे तसं सांगितलं आहे.

पोर्ट्रेटसाठी सगळ्यात चांगली लेन्स कोणती?

हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवायचा असतो. समोरच्या माणसापासून तुम्ही किती लांब उभे राहणार, किंवा राहू शकणार, ते आधी ठरवा. चेहरा कसा दिसेल हे त्या अंतरावर अवलंबून असतं. तिथून फ्रेममध्ये किती मावेल, एवढंच लेन्सच्या हातात असतं. लेन्सवरचा मिमीचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ, ती जितकी मोठी तितका कमी भाग फ्रेममध्ये येतो. ८५ मिमीला ‘पोर्ट्रेट लेन्स’ हे नाव पडलं कारण २ मीटरवरून तिच्यात साधारण ८५ सेंटिमीटर उंचीचा भाग येतो, म्हणजे डोक्यापासून कंबरेच्या जरा वरपर्यंत. आणि २ मीटरवरून बहुतेक चेहरे चांगले दिसतात. ज्या खोलीत २ मीटर मागे सरकायलाच जागा नाही, तिथे तीच लेन्स बॅगेत पडून राहते.

८५वर चेहरा सडपातळ दिसतो म्हणतात. खरं का?

दिसतो, पण त्याचं श्रेय लेन्सला नाही, तुमच्या मागे सरकण्याला आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर धरा. कॅमेरा नाकापासून अर्ध्या मीटरवर असेल तर कान ६२ सेंटिमीटरवर राहिले. म्हणजे कानांच्या मानाने नाक जवळजवळ पाव पट मोठं उमटणार. हाच कॅमेरा २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला खटकत नाही.

खात्री करायची असेल तर घरातल्या कुणालाही बसवा. २ मीटरवरून एक फोटो ८५ने काढा आणि तिथूनच दुसरा ३५ने काढून कापा. चेहरेपट्टी तंतोतंत तीच निघेल, फक्त कापलेल्या फोटोत तपशील कमी असतील.

याचं दुसरं टोकही आहे. २०० मिमी लावून पाच-सहा मीटरवरून नुसता चेहरा टिपला की नाक-गालांचा उठाव कमी होतो. निमुळत्या चेहऱ्याला ते शोभतं. गोल चेहरा मात्र आणखी पसरट वाटतो, आणि मग नवरीची आई अल्बम बघताना गप्प होते.

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे. ५० घेऊ की ८५?

घरात काढणार असाल तर ५०. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप कॅमेऱ्यांवर फोकल लेंथला १.५ने गुणायचं, कॅननवर १.६ने. त्यामुळे तुमची ५० ही ७५–८०सारखी वागते आणि ८५ ही १३०च्या आसपास जाते.

आता खोली मोजा. लोकमान्य नगरातल्या किंवा राजेंद्र नगरातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ३ मीटर बाय ३.६ मीटर. क्रॉपवर ५० लावून डोकं-खांदे घ्यायला दीड मीटर पुरतं. ८५ला त्यासाठी अडीच मीटर लागतात. तुमची पाठ एका भिंतीला आणि त्यांची दुसऱ्या भिंतीला टेकली की बॅकग्राउंडला काही उरत नाही. पायापर्यंत पूर्ण माणूस हवा असेल तर ५०लाही सव्वाचार मीटर लागतात, ते त्या खोलीत नाहीतच. तिथे ३५ लावा, ३ मीटरमध्ये काम होतं.

बागेत, अंगणात, गच्चीवर मात्र ८५ घ्यायला हरकत नाही.

माझ्याकडे फक्त कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आहे. तिच्यावर पोर्ट्रेट होतात का?

होतात. १८-५५ची लेन्स ५५वर नेली की क्रॉप सेन्सरवर ती जवळजवळ ८२ मिमीसारखी होते, म्हणजे ८५चा कोन तुमच्याकडे आधीच आहे. नाही ते फक्त उघडं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं मोठं छिद्र. एफ-आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ ५.६वर मागचं धूसर करायचं तर माणसाला भिंतीपासून ओढून काढा. भिंत त्याच्या मागे पाच-सात मीटर राहू द्या.

आणि किटबरोबर मिळालेली ती ५५-२५०, जी बहुतेकांच्या कपाटात लोळत असते, ती बाहेर काढा. लांबचं बॅकग्राउंड किती विरघळेल हे लेन्सच्या उघड्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की तो व्यास मिळतो. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७ मिमी. २५० भागिले ५.६ म्हणजे साधारण ४५ मिमी. जवळजवळ सारखंच! किट लेन्सचं उत्तर मात्र १० मिमीसुद्धा येत नाही.

यातली एक गंमत अशी की चेहऱ्यामागे खूप लांब एखादा दिवा असेल, तर फोटोत त्याची चकती त्या व्यासाएवढीच दिसते, चेहऱ्याच्या मापाने मोजली तर. ८५ला एफ १.८वर ती पाणीपताशाएवढी होते, किट लेन्सवर हरभऱ्याच्या दाण्याहून फार मोठी नाही.

२५०वर उभं राहायला जागा आणि भरपूर उजेड लागतो, एवढी तिची अट.

एफ १.८ घेऊ की एफ १.४? किमतीत फार फरक आहे.

१.८. उजेडात फरक जेमतेम पाऊण स्टॉपचा पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वरचे पैसे एका साध्या फ्लॅशवर किंवा रिफ्लेक्टरवर घाला. रोज लग्नं करणाऱ्यांनी १.४चा विचार करावा, पण त्यांना हा प्रश्न पडत नाही.

एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धूसर येतो. लेन्स खराब आहे का?

बहुतेक वेळा लेन्स ठीक असते. ८५ मिमी, एफ १.८, अंतर २ मीटर धरलं तर स्वच्छ दिसणारा पट्टा सगळा मिळून ६ सेंटिमीटरचा असतो. दीड मीटरवर तो साडेतीन सेंटिमीटरच्या आत येतो, १ मीटरवर दीड. माणसाने मान जरा वळवली की लांबचा डोळा पट्ट्याबाहेर जातो. एफ २.८ किंवा ४ ठेवा, आणि फोकस जवळच्या डोळ्यावर.

आपल्याकडच्या नवरीच्या बाबतीत यात आणखी एक भानगड आहे. नथ डोळ्यांच्या तीन-चार सेंटिमीटर पुढे येते. दीड मीटरवरून १.८ने काढलं तर पापण्या कोरीव येतील आणि नथीचे मोती लोण्यासारखे वितळतील. नथ आजेसासूबाईंनी दिलेली असेल तर हे कुणी खपवून घेत नाही. मुंडावळ्यांचंही तेच. त्या कानशिलांवर लोंबतात, हलतात, आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस डोळा सोडून त्या मोत्यांच्या सरावर जाऊन बसतो. तेव्हा मुंडावळ्या बांधल्यापासून एफ ४. त्यावर ८५ला दीड मीटरवर साडेसात सेंटिमीटरचा पट्टा मिळतो, नथीपासून कानशिलापर्यंत.

लग्नात एकच लेन्स न्यायची तर?

२४-७०, एफ २.८. प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सचं प्रेम बाजूला ठेवा.

अंतरपाट धरला आहे, मंगलाष्टकं संपत आली आहेत, सगळ्यांच्या मुठीत अक्षता आहेत. ‘सावधान’ झालं की पाट खाली येतो आणि पहिली नजर जाते ती क्षणभर. दोघांचे चेहरे एकाच फ्रेममध्ये हवेत तर पाटाच्या रेषेत, बाजूला उभं राहावं लागतं. तिथे मामा, करवल्या आणि गुरुजी आधीच दाटीवाटीने उभे असतात. दीड-दोन मीटरपेक्षा जास्त जागा मिळत नाही. ३५च्या आसपास लावून पाट उतरताना काढायचं आणि लगेच ७०वर जाऊन एकेक चेहरा घ्यायचा. लेन्स बदलत बसलात तर तो क्षण गेला, आणि वर अक्षतांचे दाणे उघड्या कॅमेऱ्यात.

दोन कॅमेरे असतील तर ३५ आणि ८५ ही जोडी २४-७०पेक्षा सरस. हॉल मोठा असेल, स्टेज उंच असेल, तर ८५ऐवजी ७०-२००. कन्यादानाच्या वेळी वधूपित्याच्या तोंडावर कॅमेरा नेऊन धरणं मला तरी बरं वाटत नाही. १५०-२०० मिमीवर हॉलच्या मध्यापासून तो चेहरा जास्त खरा मिळतो.

मुंज, बारसं, डोहाळजेवण यांना काय?

मुंजीत होमाभोवती जागा नसते, म्हणून ३५. मातृभोजनाला आई बटूला घास भरवते तेव्हा ५०, जरा वाकून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. भिक्षावळीत बटू एकेका काकू-आत्यापुढे झोळी धरून उभा राहतो तेव्हा ८५ लावून लांब सरका, कारण कॅमेरा जवळ दिसला की तो लाजून मान खाली घालतो. बारशाला पाळण्याजवळ अंधार असतो, तिथे ५०, एफ २, खिडकीच्या बाजूने, आणि बाळाच्या तोंडावर फ्लॅश नको. डोहाळजेवणाला फुलांचे दागिने असतात, ते एफ ४वर छान उमटतात.

साठीशांतीला सगळ्या खानदानाचा ग्रुप फोटो काढायचा आहे. वाइड लेन्स लावू ना?

जागा असेल तर मुळीच नको. आडव्या फ्रेममध्ये २४ मिमी लावलीत तर अगदी कडेला उभ्या माणसाचं डोकं सुमारे पाव पट ताणलं जातं. ५०वर हे ताणणं जेमतेम ६ टक्के असतं. कडेला नेमकी वजनाला हळवी असलेली मावशी उभी असते आणि तो फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की तुमचं पुढच्या कार्याचं आमंत्रण धोक्यात येतं.

वीस माणसं तीन रांगांत बसवली तर रुंदी साधारण साडेचार मीटर होते. ५० मिमीने ती आडव्या फ्रेममध्ये घ्यायला सव्वासहा मीटर मागे जा. एफ ५.६, फोकस मधल्या रांगेवर. तिन्ही रांगा आरामात स्वच्छ येतात. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत अंगण लहान असेल तर ३५ चालेल. त्यापेक्षा वाइड जावंच लागलं तर कडेला उंच, सडपातळ मुलं उभी करा आणि ज्येष्ठांना मध्ये खुर्च्या द्या.

आजी-आजोबांचा एक चांगला फोटो काढून ठेवायचा आहे.

लवकर काढा. लेन्स ५० किंवा ८५, जी असेल ती. खिडकीशेजारी, त्यांच्या रोजच्या खुर्चीत, नेहमीच्या कपड्यांत. चश्म्यात खिडकी चमकत असेल तर चश्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचलून ठेवा, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. एफ ४. सुरकुत्या सॉफ्टवेअरने पुसू नका.

सराफ्यात रात्री पोर्ट्रेट काढताना फोटोवर काळे-पिवळे पट्टे येतात. लेन्सचा दोष?

नाही, विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० सेकंदासारख्या शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

लेन्स म्हणाल तर ३५, एफ १.८ किंवा २, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त. दिवसा दागिन्यांची आणि रात्री खाण्याची ही गल्ली इतकी अरुंद की ८५ लावून मागे सरकलात तर कुणाच्या तरी गराडूच्या बशीवर जाल. शिवाय इथे माणसाइतकंच त्याचं काम फोटोत हवं असतं. भुट्ट्याच्या किसाची कढई, तिची वाफ, मागे दिव्यांची माळ, आणि मध्ये ढवळणाऱ्याचा घामेजलेला चेहरा, हे सगळं ३५मध्ये एक मीटरवरून मावतं. दहीवडा हवेत भिरकावून झेलतात तो क्षण मात्र १/१००ला हललेलाच येणार. तो चालवून घ्या, किंवा शटर वाढवून पट्ट्यांशी नशीब आजमावा. आणि आधी विचारा हो. ‘भिया, एक फोटो?’ म्हटलं की इंदुरी माणूस सहसा नाही म्हणत नाही.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, कोणती लेन्स न्यायची?

गच्चीची सोय होत असेल तर ७०-२०० आणि वरून चेहरे टिपा. गुलालाचे फवारे उडाले की हवेचा रंगच बदलतो आणि गर्दीतला एकेक चेहरा त्यातून उमटतो.

खाली उतरणारच असाल तर जिच्यावर तुमचा जीव नाही अशी ३५ किंवा ५० प्राइम लावा. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळून पट्टीने बंद करा आणि घरी येईपर्यंत उघडू नका. झूम करताना लांब होणारी साधी किट लेन्स इथे वाईट. ती लांब होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही. घरी आल्यावर पहिला हात कापडाकडे जाऊ देऊ नका, काचेवर रंगाचे कण घासले जातात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी ओलसर कापड.

प्री-वेडिंगला मागे राजवाडा हवा आहे. तो प्रत्येक वेळी पिटुकला का दिसतो?

कारण तुम्ही जोडप्याच्या जवळ उभे राहून वाइड लावता. जोडपं फ्रेममध्ये तेवढंच ठेवून मागे सरका आणि मोठी फोकल लेंथ घ्या, राजवाडा फुगत जातो. उभं माणूस पायापर्यंत घ्यायला ३५ला सुमारे २ मीटर लागतात, ८५ला पावणेपाच, १३५ला साडेसात. त्या साडेसात मीटरमधून ई-रिक्षा जाणार, म्हणून रविवारी उजाडता उजाडता पोहोचा. १३५वर सातही मजले मावणार नाहीत, पण खालच्या दगडी मजल्यांतला दरवाजा आणि वरच्या लाकडी मजल्यांची थोडी सुरुवात एवढंसुद्धा पुष्कळ झालं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशीही (होळकरांची स्मारकं) हेच गणित. तिथे खांबांच्या ओळीत ५० मला जास्त आवडते.

नथ आणि मेंदीचे क्लोजअप ८५ने का येत नाहीत?

बहुतेक ८५ प्राइम ८० सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाहीत. ९०, १०० किंवा १०५ची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) घ्या, ती पोर्ट्रेटलाही उत्तम. कॅननची आरएफ ८५ एफ २ याला अपवाद, ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. खर्च नको असेल तर एक्स्टेंशन ट्यूबवर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळीवर भागतं.

जुन्या संस्थानी फोटोंसारखा लूक कोणत्या लेन्सने येईल?

हा प्रश्न इंदुरात विचारला जावा हे योग्यच. संस्थानिकांचे नामांकित फोटोग्राफर राजा दीनदयाळ रुरकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६मध्ये इथल्याच बांधकाम खात्यात नोकरीला लागले, कॅमेरा त्यांनी इथे हातात घेतला, आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय त्यांना मिळाला. हैदराबादच्या निजामाच्या दरबारात ते पोहोचले ते नंतर. पुढच्या शतकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताराजे यांचे फोटो अमेरिकन फोटोग्राफर मॅन रे यांनी काढले. साध्या उजेडात, मोकळ्या, हसऱ्या मुद्रेतले ते फोटो बघून ठेवा.

पोर्ट्रेटसाठी गणिताने आखलेली पहिली लेन्स जोसेफ पेत्झवाल यांनी १८४०मध्ये व्हिएन्नात तयार केली. मध्यभाग कोरीव आणि कडा गरगरल्यासारख्या, ही तिची खूण. त्या धर्तीच्या लेन्स आजही नव्याने मिळतात, पण एका अल्बममध्ये दोन-तीन फोटोंपलीकडे तो गरगराट सोसवत नाही. जुन्या फोटोंचा रुबाब खरं तर वेगळ्या गोष्टींतून येतो. कॅमेरा माणसापासून दूर असे. एक्स्पोजरला वेळ लागे, म्हणून माणूस टेकून, स्थिर बसलेला असे. तुम्ही ८५ लावा, तीन मीटरवर जा, एफ ५.६ ठेवा, खुर्ची द्या, आणि ‘हसा’ म्हणू नका.

फोनचा पोर्ट्रेट मोड पुरे नाही का?

पुष्कळदा पुरतो. फक्त १एक्सवर काढू नका. फोनचा मुख्य कॅमेरा २४-२६ मिमीसारखा असतो. त्यात डोकं-खांदे भरायला तुम्ही ४० सेंटिमीटरवर जाता आणि नाकाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. २एक्स किंवा ३एक्स घ्या आणि मागे सरका. गजरा, नथ आणि भुरभुरणारे केस यांच्या कडा फोन अजूनही चुकवतो, तेव्हा धूसरपणा थोडा कमी ठेवा.

जुनी लेन्स घेताना काय बघायचं?

निकॉनवाल्यांनी आधी हे बघा: ‘एएफ-डी’ मालिकेतल्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, आणि डी ३०००, डी ५००० या मालिकांच्या कॅमेऱ्यांतही नसते. म्हणजे स्वस्तात मिळालेली ५० एफ १.८ डी तुमच्या कॅमेऱ्यावर हातानेच फोकस करावी लागेल. मग मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. चार धुळीचे कण असतील तर त्यावरून फक्त किंमत पाडा.

तुमच्या स्वतःच्या लेन्सलाही पावसाळ्यात हाच धोका असतो. चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून वापर.

यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवू का?

रंगपंचमीला लावा, होमाजवळ लावा. सराफ्यात काढा, नाहीतर प्रत्येक दिव्याचं एक हिरवट भूत चेहऱ्यावर तरंगत राहतं.